जांबुलिना हाइट्समधलं एकुलतं एक जांभूळ

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावतो. माझाही बसला नसता. पण मी तिथे होतो, एप्रन घालून.

हे मी पहिल्यांदा बोललो ते गेल्या रविवारी, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये. ठाकुर्लीत आम्हा मढव्यांची सतरा जांभळांची बाग होती. बिल्डर आला, त्याने सोळा झाडं तोडली आणि त्यांची आठवण म्हणून इमारतीला नाव दिलं ‘जांबुलिना हाइट्स’. सतरावं झाड मी अडून बसलो म्हणून राहिलं. मला दोन फ्लॅट मिळाले, झाडाला पार्किंगचा कोपरा. आता तोच कोपरा सेक्रेटरी रत्नदीप साहेबांना हवा होता. त्यांनी नवीन पांढरी गाडी घेतलेली आणि जुनी विकवत नव्हती.

"मढवी काका, इमोशनल होऊ नका," साहेब म्हणाले. "आख्खा मे महिना माझ्या गाडीच्या टपावर जांभळांचा सडा. रोज! डाग जात नाहीत. झाड तोडायची परवानगी मागायची, एवढाच विषय आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात भराभर वर गेले. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांचेही गेले.

मी उठलो. "मोजायच्या आधी दोन मिनिटं द्या. या झाडाने मंगळवारी तुमच्या पोरांचं काय केलं ते ऐका, मग काय कापायचं ते कापा."

आणि मी सुरू झालो.

मंगळवारी क्लबहाउसमध्ये नताशाबाईंनी मुलांसाठी वर्ग ठेवलेला: ‘ताज्या फळांचा खाऊ, आपल्याच हातांनी’. मला मदतीला बोलावलेलं. सोळा पोरं आली. सोळा एप्रन, सोळा शेफच्या टोप्या आणि प्रत्येकाची आई, मोबाइल घेऊन. डबे उघडले तर किवीच्या चांदण्या कापून तयार, डाळिंब सोलून तयार, कलिंगडाचं तर आख्खं कासव तयार, त्याला डोळेसुद्धा लावलेले.

मी विचारलं, "मग पोरांनी काय करायचं?"

"प्लेटमध्ये मांडायचं ना काका," नताशाबाई म्हणाल्या. "आणि मग दोन वाक्यं बोलायची, व्हिटॅमिनवर."

एक पोरगा तेवढा डबा न आणता आलेला, ब्रँडन. त्याच्या आईला वेळ मिळाला नव्हता, म्हणून तिने नुसतं केळं दिलेलं, आख्खं. त्या बिचाऱ्याने ते वरून खाली, खालून वर फिरवून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आजोबा, याची चेन कुठे आहे?"

तेव्हा मात्र मी माझा स्टीलचा डबा टेबलावर आदळला. चार किलोचा डबा, काठोकाठ जांभळं. "आपल्या झाडाची," म्हटलं. "चला, टोप्या काढा, बाह्या वर करा. सुरी नको, काटा नको. हात आहेत ना?"

"काका, सॅनिटाइझ केलीत?" एका आईने विचारलं.

"दोनदा धुतलीत, पोरी."

"आणि बी गिळली तर?"

"तर सकाळी बाहेर येईल. पोटात टॉवर उगवत नाही."

पोरांना दाखवलं. जांभळांवर मूठभर मीठ टाकायचं, झाकण घट्ट लावायचं आणि डबा दोन्ही हातांनी धरून खडखड खडखड हलवायचा, पन्नास आकडे होईपर्यंत. आपटून आपटून जांभूळ मऊ होतं, तुरटपणा कमी होतो, बी सुटायला लागते. हे आम्ही शिकलो तेव्हा आम्हाला कोणी एप्रन दिला नव्हता.

"आता इथून पुढे," मी मीटिंगला सांगितलं, "मन घट्ट करून ऐका."

या झाडाचं एकेक जांभूळ वांग्याएवढं. एक उचलायला दोन पोरं लागत होती. डबा हलायला लागला तशा क्लबहाउसच्या काचा थरथरल्या. ठाण्याला माझा मेहुणा कोर्टाबाहेर वकिलाची वाट बघत उभा होता, त्याचा फोन आला: "दाजी, तुमच्याकडेपण भूकंप झाला का?"

"काका, वांग्याएवढं?" रत्नदीप साहेबांनी चष्मा वर केला.

"छोटं वांगं, साहेब. भरून करतात ते."

सभागृहात हशा झाला. मी वेग घेतला. पोरांनी बोटांनी गर सोडवला, ब्रँडनचं केळं कुस्करलं, लिंबू पिळलं, वर चिमूटभर जिरेपूड. द्रोणात घालून पोरं जी तुटून पडली! जिभा जांभळ्या, कोपर जांभळे, कलिंगडाचं कासवसुद्धा जांभळं. आणि आपला सलिल, ज्याने जन्मापासून फळ तोंडात घेतलं नव्हतं, ज्याच्या तोंडापुढे कार्टून नाचवल्याशिवाय घास जात नाही, त्याने एकसष्ट जांभळं खाल्ली. आईने सवयीने मोबाइल पुढे केला तर म्हणाला, "बाजूला कर, मला द्रोण दिसत नाही."

"वांग्याएवढी एकसष्ट?" मागून कोणीतरी ओरडलं.

"सलिलने खाल्ली हे मात्र खरं आहे," नताशाबाई उठून म्हणाल्या. "मी बघितलंय. नंतर माझ्या घरी येऊन पुन्हा मागत होता."

आणि हात खाली यायला लागले. एक, दोन, पाच. सलिलच्या आईने तर दोन्ही हात खाली घेतले, एक तिचा, एक नवऱ्याचा. झाड वाचलं, असं मी मनात म्हणतोय तेवढ्यात रत्नदीप साहेब हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

"काका, थँक यू," ते म्हणाले. "म्हणजे झाडाला डबे भरभरून जांभळं आलेली. तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर. तीच माझ्या गाडीवर पडतात! मिनिट्समध्ये लिहा. आज माझी गाडी आहे, उद्या तुमची असेल. आणि वांग्याएवढं जांभूळ जर काचेवर पडलं तर?"

लोकांनी आपापल्या गाड्या आठवल्या. हात पुन्हा वर निघाले. सलिलच्या आईने नवऱ्याचा हात धरून ठेवलेला, तोही सुटला. झाड वाचवायला मी जी गोष्ट फुगवली, तिच्याच जोरावर झाड तुटणार होतं, आणि आता माघार घ्यावी तर कुठल्या तोंडाने? मी म्हणालो, "साहेब, वांग्याएवढं म्हणजे..." आणि हातांनी दाखवलेलं वांगं लहान लहान करत गेलो. माझं असं कधी होत नाही.

मागच्या खुर्चीवर रत्नदीप साहेबांची सान्वी चित्र रंगवत बसलेली. दुसरीत आहे. घरी कोणी नव्हतं म्हणून वडिलांनी सोबत आणलेली. तिने मान वर केली.

"पण बाबा, आपल्या झाडाला यंदा एकपण जांभूळ नाही आलं."

"सान्वी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"खरंच नाही आलं! आम्ही रोज खाली शोधतो, मी आणि ब्रँडन. ती डब्यातली जांभळं आजोबांनी कल्याणच्या मार्केटमधून आणलेली. त्यांच्या घरी ठमाआजीने मला पिशवी दाखवली. आणि ती एवढीशीच होती." तिने बोटांनी माप दाखवलं, अगदी बरोबर.

वर गेलेले हात तसेच राहिले. कोणाला ते खाली घ्यायचं सुचेना. सगळे आधी माझ्याकडे बघत होते. मग नताशाबाईंनी मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "रत्नदीपजी, मग मे महिनाभर तुमच्या गाडीवर रोज काय पडत होतं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सान्वीने जांभळा खडू खाली ठेवला, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्हणजे बाबा, आजोबापण खोटं बोलले आणि तुम्हीपण?"