प्रत्येक माशाचा आपला महिना

अख्ख्या अकरावीत असा प्रोग्राम एकट्या रसिकाचाच! माशाचं नाव टाका, तो कुठल्या महिन्यात मिळतो ते पडद्यावर हजर. उद्या मालवणच्या विज्ञान प्रदर्शनात तो चालवायचा. नीट चालला तर पुढे जिल्ह्याला, ओरोसला. दुपारी मासळीबाजार आटोपून सुभद्रा लेकीचा डबा घेऊन शाळेच्या संगणक खोलीत आली, तेव्हा रसिकाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"आई, खंयचोय मासो सांग!"

"पेडवे."

पडद्यावर उमटलं: बाराही महिने.

सुभद्रा तोंडाला पदर लावून हसली. "बाराय म्हयने पेडवे? खंयच्या दर्यात गो? माकाय घेवन चल!"

रसिकाचा चेहराच उतरला. जावा या संगणकाच्या भाषेत तिने 'मासा' हा मूळ क्लास केला होता. बांगडा, सुरमई, पेडवा ही त्याची पोरं, सबक्लास. महिना एकट्यादुकट्या माशाला विचारायचा नसतो, अख्ख्या जातीला विचारायचा, म्हणून महिना सांगणारी मेथड, म्हणजे आज्ञावली, स्टॅटिक: अख्ख्या क्लासची एकच. पेडव्यात ती लिहायचीच राहिली होती, म्हणून मूळ 'मासा'चं 'बाराही महिने' उमटलं होतं.

"पोराकडे आपला उत्तर नसला की तो बापाशीचा देता," ती रडवेली झाली. "आणि परतेक पोरान आपली लिवकच व्हयी, अशी सक्ती स्टॅटिकाक जावात करूकच येना नाय. चाळीस मासे आसत, आणखी कोणाचा रवला काय म्हायत!"

"मगे बापाशीचा काढून टाक."

"काढलंय तर उद्या लोकांसमोर अडकतला!"

सुभद्राने डबा उघडून पुढे सरकवला. "तुझो बापूस रापण कशी घालता? घराघरातसून जाळ्याचे तुकडे येतत. तो वाळूत बसान एकेका तुकड्यार हात फिरयता. एक जरी तुकडो नाय इलो, तर होडी सुटना नाय. दर्यात गेल्यार भोक गावला, तर मासो काय थांबतलो?"

रसिकाचा घास हातातच राहिला. मग तिने डाव्या हाताने कीबोर्ड ओढला. प्रोग्राम उघडण्याआधीच चालणारी, चाळीस क्लासांवर हात फिरवणारी एक मेथड लिहिली: स्वतःचा महिना सांगतोस? नाही? मग तुझं नाव दाखवते आणि इथेच थांबते.

चालवली. 'पेडवा' म्हणून थांबली. तो भरल्यावर 'मोरी'. मग 'सौंदाळा'. सुभद्रा महिने सांगत गेली, रसिका भरत गेली आणि चौथ्या खेपेला प्रोग्राम उघडला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पेडवा विचारला, मोरी विचारली, मग कोड उघडायला लावला. "ही 'सुभद्रा' मेथड काय करते?"

"ती हो म्हटल्याशिवाय काही सुरूच होत नाही, सर."

परीक्षकांच्या तोंडी आपलं नाव ऐकलेली सुभद्रा निकाल लागला तेव्हा मासळीची रिकामी पाटी कमरेला लावून दारातच उभी होती. "माझा नाव घेतल्यान काय गो तेनी?"

रसिकाने गर्दीतच तिला मिठी मारली. "तुझा नाव ओरोसाक जाता, आई!"