आवाज न चढवणारा बाप

हळूबाईंना त्या दिवशी सकाळपासून चैन नव्हतं. खुर्च्या गोलात मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. शिपायाने साधं विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" तर त्याच्यावर खेकसल्या आणि लगेच जीभ चावली. खेकसायचं नाही, हेच तर त्या जगाला शिकवत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

हळूबाई हे काही खरं नाव नव्हे. शाळेच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी त्या पालकांचा आणि शिक्षकांचा वर्ग घ्यायच्या. पोरांना मारू नका, ओरडू नका, राग आला की आधी तोंड मिटा, खाली बसून त्यांच्या डोळ्यांत बघा, हळू बोला. "हळू, हळू" हे इतक्यांदा म्हणायच्या की गणिताच्या मास्तरांनी ते नावच पाडलं. मास्तर म्हणजे वल्ली. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "भरल्या वर्गात एकदा हळू बोलून दाखवा, मी तुमचा शिष्य!" शिष्य झाले बिचारे, पण टेबलावर डस्टर आपटायची खोड काही गेली नव्हती. आपटायचे आणि स्वतःच दचकायचे.

या सगळ्या गोतावळ्यात बाईंचा लाडका शिष्य होता चष्मेवाला. कोपऱ्यावरच्या दुकानात भिंगं घासणारा, काड्या बसवणारा, शांत, नीटनेटका माणूस. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. सात वर्षांची मुलगी, भिंगरी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव. ही भिंगरी एके दिवशी शाळेतून घरी न जाता थेट मावशीकडे गेली आणि म्हणाली, "मी इथेच राहणार." का, ते विचारून मावशी थकली. पोरगी एवढंच म्हणायची, "घरी करमत नाही."

लोकांना काय, जीभ उचलली की टाळ्याला लावली. बाप मारत असेल, म्हणाले. चष्मेवाला देवाशपथ सांगत होता की हात सोडा, आपण कधी आवाजही चढवला नाही. आणि ते अगदी खरं होतं. शेवटी मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला: बाबांनी हळूबाईंचा वर्ग पूर्ण करायचा, बाईंनी हो म्हटलं की पोर घरी. बापाला पटलं, मावशीलाही पटलं. आज शेवटचा वर्ग. भिंगरीच्या कपड्यांची पिशवी भरून मावशी दाराशी बसली होती आणि सगळ्यांचा जीव बाईंच्या एका शब्दावर टांगलेला होता.

मग बाईंचं घोडं पेंड कुठे खात होतं? मागच्या वर्गातली एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. चष्मेवाला उठून म्हणाला होता, "रविवारी भिंगरी दुकानात आली होती. तिच्या हातून गिऱ्हाइकाची काच फुटली. मला भयंकर राग आला. पण तुम्ही शिकवलंत तसं केलं. एक शब्द बोललो नाही." बाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजत असताना त्यांची नजर बाकावरच्या भिंगरीकडे गेली. नावाची भिंगरी, पण पोरगी मांडीखाली हात घालून बसली होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. तेव्हापासून बाईंना काहीतरी खटकत होतं, आणि काय ते काही केल्या कळत नव्हतं.

वर्ग भरला. शेवटच्या दिवशी उलटा खेळ असायचा. मूल आई किंवा बाप व्हायचं, मोठ्यांनी मूल व्हायचं, बुटक्या स्टुलावर बसायचं. पोरांना याची भारी हौस. मास्तरांच्या लेकाने तर टेबलावर असं डस्टर आपटलं की हसून हसून लोकांची पोटं दुखली. मास्तर कान धरून म्हणाले, "पटलं, पटलं!"

"आता भिंगरी," बाई म्हणाल्या.

चष्मेवाला स्टुलावर बसला. गुडघे हनुवटीला टेकले. भिंगरी समोरच्या खुर्चीत, टेबलापाशी. बाईंनी प्रसंग दिला: मुलाच्या हातून काहीतरी फुटलंय.

"बाबा," चष्मेवाला बारीक आवाजात म्हणाला, "माझ्याकडून काच फुटली."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि टेबलावरचं नसलेलं काहीतरी फडक्याने पुसू लागली. सावकाश, गोल गोल.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

ती पुसत राहिली.

"अगं, बोल की!" मागून कुणीतरी म्हणालं. "लाजली वाटतं."

लाजली नव्हती. तिने फडकं घडी करून ठेवलं, उठली, बापाच्या शेजारून गेली, तिथे कुणी बसलेलंच नाही अशी. खोटं खोटं ताट वाढलं. समोर सरकवलं. त्याच्याकडे न बघता.

चष्मेवाला हसायचा प्रयत्न करत होता. तिची बाही ओढली. तिने बाही सोडवून घेतली, रागाने नव्हे, अगदी हळू. खोलीतलं हसू केव्हाच थांबलं होतं. कुणी खुर्ची सरकवली तरी खर्रकन कानात जात होतं. बाईंचे हात टाळी वाजवून खेळ थांबवायला शिवशिवत होते, पण थांबवायचं कसं? नियम असा होता की खेळ आई-बाप झालेल्या मुलानेच संपवायचा.

"भिंगरे, बोल ना गं," बाप म्हणाला. आवाज आता बारीक काढलेला नव्हता, आपोआप झाला होता. "मी काय करू ते तरी सांग."

भिंगरी बाईंकडे वळली आणि हळूच म्हणाली, "खेळ संपला नाही अजून. आता झोपायचं. मग सकाळ. मग शाळा. मग परत जेवायचं. मग कधीतरी बोलायचं."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. अबोला! अख्खं जग मार शोधत बसलं आणि हा भला माणूस लेकराशी अबोला धरत होता. त्या घरात आवाज चढत नव्हता, कारण आवाजच नव्हता. आणि आपण काय केलं? राग आला की तोंड मिटा, हे घोकून घेतलं. उघडायचं कधी, ते सांगायचं राहिलं. वर टाळ्या वाजवल्या, त्या पोरीच्या देखत!

"मावशी," बाई म्हणाल्या, "आज तिला पाठवू नका."

चष्मेवाला उठला. "पण बाई, मी कधी आवाज चढवला नाही. तुम्हीच म्हणालात..."

"म्हणाले! चुकलं माझं!" हळूबाई ओरडल्या. होय, ओरडल्याच. मास्तरांच्या हातून डस्टर पडलं. "तुम्ही दिवसचे दिवस गप्प बसता आणि मी तुमचं कौतुक करत बसले! त्या पोरीने समजायचं काय? बाप आहे की नाही घरात?"

त्याची कानशिलं लाल झाली. चप्पल अडकवली आणि ताडताड जिना उतरला. बाई त्याच्या मागे, त्यांच्या मागे मावशी, मावशीच्या हातात भिंगरीचा हात. फाटकापाशी तो थांबला, पाठ करून. आता हा महिनाभर तोंड दाखवायचा नाही, असं बाईंना वाटलं आणि रडूच फुटायला आलं. हात दाखवून अवलक्षण!

"बाबा," भिंगरीने हाक मारली. "रागावलायस?"

त्याचे ओठ घट्ट मिटले. सवयच ती. मावशीने पोरीला मागे ओढलं, पण बाईंनी मावशीचा दंड धरला.

"हो," तो म्हणाला. "हो! रागावलोय. खूप रागावलोय!"

आवाज एवढा चढला की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

भिंगरीने मावशीच्या हातातून हात सोडवला. पळत गेली आणि त्याच्या पुढ्यात, फाटकाच्या पायरीवर बसली.

"मग सांग ना," ती म्हणाली. "कुणावर?"