शेवटच्या माणसाची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे. ती गरगर फिरली की माझा आवाज दरीपलीकडे जातो. माझगावच्या गोदीजवळ एका लहान कारखान्यात मी घडले. लालबागच्या कोंडीरामने मला विकत घेतले ते डोंगरासाठीच.

दर हिवाळ्यात त्याच्या चाळीतली मंडळी एक दिवस भीमाशंकरच्या जंगलात चढायला जातात. पुढे त्याचा शेजारी दत्तू चाले आणि सगळ्यांच्या मागे कोंडीराम. दत्तूने थांबून शिट्टी मारली की मागून माझे उत्तर जाई. उत्तर आले म्हणजे मधले सगळे आहेत, कारण कोंडीराम कुणालाही आपल्या मागे राहू देत नसे. कुणाच्या बुटाचा तळ सुटो, कुणी फोटो काढत बसो, हा उभाच.

"कोंडीराम, तू पोचतोस तेव्हा आमचे डबे संपलेले असतात," दत्तू चिडवी.

"माझी चटणी ठेवा म्हणजे झालं," तो म्हणे.

गेल्या श्रावणात कोंडीराम गेला. त्याच्या मुलीने, अक्षदाने, मला त्याच्या फोटोच्या खिळ्याला अडकवले. हार सुकला की बदलला जाई, पण मला कुणी हात लावत नसे. मी काळवंडले. माझी गोळी वाळून एका कोपऱ्याला चिकटली.

हिवाळा आला. अक्षदाने मला काढून गळ्यात घातले आणि ती टेम्पोत चढली.

"अक्षू, तू माझ्याबरोबर पुढे चाल," दत्तू म्हणाला. "मागची जागा यंदा रिकामी ठेवायची ठरलंय. कोंडीरामच्या मानाची."

"काका, ती जागा रिकामी कशी राहील? कुणीतरी शेवटी असणारच."

"सगळ्यांचं ठरलंय गो. यंदा राहू दे."

तिची मूठ माझ्याभोवती आवळली.

चढणीवर दाट झाडीत दत्तूने सवयीने शिट्टी मारली आणि सवयीनेच वाट पाहिली. उत्तर आले नाही. सगळे खाली बघू लागले. दत्तू डोळे पुसून पुढे निघाला. अक्षदा मात्र वळून एकेक चेहरा पाहत होती.

"गुणवंतीमावशी कुठे आहेत?"

"येत असेल मागून. गुडघा दुखतोय तिचा," दत्तू थांबून म्हणाला.

"आणि त्यांच्या मागे कोण आहे?"

दत्तू दोन पावले मागे आला.

"काका, सगळ्यांना इथेच बसवा. मी जाते."

"थांब, मी येतो."

"तुम्ही पुढचे. तुमची शिट्टी इथूनच ऐकू यायला हवी."

ती उतरू लागली. तिने मला फुंकले. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकले, पुन्हा हवाच. मग तिने बाटलीतले पाणी माझ्यात ओतले आणि मला जोरात हलवले. चढायला लागण्याआधी तिचे वडीलही असेच करत. गोळी सुटली, आणि मी अशी वाजले की झाडीतले माकड उडी मारून पळाले.

डावीकडच्या लाकूडतोड्यांच्या वाटेवरून मावशीचा मालवणी आवाज आला, "हंयसर आसंय गो!"

इथेच होती मावशी, एका दगडावर बसलेली. ओठ सुकले होते.

"वाट चुकलंय," ती म्हणाली. "पण घाबरलंय नाय. मागसून कोंडीराम येतलो, म्हणान निवांत बसलंय. मगे आठवलां."

अक्षदाने तिला पाणी दिले आणि वाकून तिच्या बुटाची नाडी बांधली. मग उठली.

"चला मावशी. तुम्ही पुढे व्हा."

"आणि तू?"

"मी मागे."

वरून दत्तूची शिट्टी आली. या वेळी माझे उत्तर गेले. माथ्यावर त्या दोघी सगळ्यांनंतर पोचल्या, तेव्हा डबे संपत आले होते. दत्तूने डब्याचे झाकण पुढे केले. त्यात चटणी होती.

मित्रांनो, आता पुन्हा मला फोटोजवळ टांगतात, पण दर रविवारी अक्षदा मला पुसते, ओली करते आणि एकदा फुंकते. तुमच्या घरातही कुणाची एखादी वस्तू मागे राहिली असेल. तिला हार घालू नका. तिला तिचे काम द्या.