खेळण्यांच्या इस्पितळातला म्हातारा रुग्ण

मी एक जुना, पिवळा पडलेला व्हिडिओ गेम आहे. एके काळी मी पांढराशुभ्र होतो असं सांगितलं, तर मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, आणि तुम्हाला पटवून देण्याइतका दम आता माझ्यात उरलेला नाही.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या माथ्यावर एक खाच आहे. तिच्या आत तांब्याच्या साठ बारीक पट्ट्या आहेत, तीस एका बाजूला आणि तीस दुसऱ्या. खाचेत कॅसेट बसवली की तिचे साठ दात या साठ पट्ट्यांना टेकतात आणि मग मला कळतं, आज कोणता खेळ आहे ते. त्यातला एखादा जरी टेकला नाही तरी माझं डोकं चालत नाही. टीव्हीचा पडदा करडा होतो आणि मी नुसता बसून राहतो. माझं सगळं आयुष्य या साठ स्पर्शांवर उभं आहे.

ताकाओका गावातल्या कोदामांच्या घरी मी आलो, तेव्हा त्यांचा शूजी आठ वर्षांचा होता. त्याची आई फुमिए शिस्तीची. रोज एकच तास खेळायचं आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ वाजलं की बंद, असा तिचा नियम. हा नियम शूजीसाठी होता. तो शाळेत गेला, कपडे वाळत घातले, की फुमिए पदर खोचल्यासारख्या बाह्या वर करून माझ्यासमोर बसायची. एकदा शूजी लवकर घरी आला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“आई, हा गरम का लागतोय?”

“उन्हात होता ना.”

“बाहेर सकाळपासून पाऊस आहे.”

“मग अभ्यासाला बस,” असं म्हणून ती आत गेली.

ते दिवस कामाचे होते. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, दुसरी घालायची. मी जरा अडखळलो की घरातलं जो तो माझ्या खाचेत आणि कॅसेटच्या दातांवर फुंकर मारी. तुम्हीही मारत असाल. तुमच्या श्वासात ओल असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ओल धातूवर बसते आणि तो हळूहळू गंजतो. त्या प्रेमाच्या फुंकरी मी वर्षानुवर्षं सोसल्या.

मग शूजी मोठा झाला. माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आली. फुमिएने मला टाकलं नाही. तिने मला सुती कापडात गुंडाळलं आणि घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी, किमोनो ठेवतात त्या लाकडी कपाटाच्या कप्प्यात ठेवलं. कसर लागू नये म्हणून कागदाच्या पुडीत कापूर ठेवला. तिथे मी कित्येक वर्षं अंधारात पडून होतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

गेल्या वर्षी फुमिएचं खुब्याचं हाड मोडलं. शूजीची नोकरी दूर नागोयाला. घरात ती आणि सून कानाए अशा दोघीच. वसंतात वृद्धांच्या निवासात राहायला जायचं, असं फुमिएनेच ठरवलं. तिथे एक खोली आणि सोबत न्यायला चार खोकी. तीन खोकी कपड्यांनी आणि औषधांनी भरली. चौथ्यात तिने जुना छोटा टीव्ही ठेवला आणि त्याच्या शेजारी माझ्याएवढी जागा मोकळी सोडली. अख्ख्या घरातून तिने हौसेची म्हणून एवढी एकच वस्तू मागितली होती.

कानाएने मला बाहेर काढून लावलं. पडदा करडा.

“आई, हा कॅसेट वाचतच नाही.”

“फुंकर मार.”

“दहा वेळा मारली. आता मलाच चक्कर येईल.” कानाए खाली बसली. “हे बघा, मंगळवारी मोठ्या सामानाची कचरागाडी येते. चालला तर खोक्यात घालू. नाही चालला तर गाडीत. बंद डबा तिकडे नेऊन काय त्याची पूजा करणार?”

दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा रविवार होता. त्या दिवशी गावच्या सभागृहात खेळण्यांचं इस्पितळ भरतं. निवृत्त झालेली माणसं पांढरे अंगरखे घालून टेबलांमागे बसतात आणि मुलांची मोडकी खेळणी फुकट दुरुस्त करून देतात. रुग्णाचं नाव, वय, तक्रार, सगळं रीतसर कागदावर लिहितात. फुमिए काठी टेकत रांगेत उभी राहिली. मी कानाएच्या हातात होतो, कॅसेटींची पिशवी तिच्या खांद्याला. पुढे एक चाक नसलेली आगगाडी, मागे एक मुका झालेला कुत्रा.

टेबलावर पाटी होती: टीव्हीवरचे खेळ घेतले जात नाहीत.

“आजी, पाटी वाचलीत का?” डॉक्टर मुकाई म्हणाले. ते पूर्वी विजेचे मीटर दुरुस्त करायचे.

“आजी कोणाला म्हणतोस? शाळेत तू माझ्यामागे तीनच वर्गांनी होतास. तुझं नाक कोण पुसायचं?”

मुकाईंनी चष्मा वर केला. “अरेच्चा, फुमिएताई! पण नियम आहे हो. खेळणी तेवढीच घेतो.”

“ज्याच्याशी खेळतात ते खेळणं. याच्याशी मी खेळले आहे.”

“तुम्ही खेळायचात?” कानाए चकित झाली.

“तू लक्ष देऊ नकोस.”

मुकाईंनी निमूटपणे कागद ओढला. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: ओळखत नाही. मग त्यांनी माझ्या पोटाचे स्क्रू काढले, खाच उघडली आणि वास घेतला.

“हा कपड्यांत होता का?”

“किमोनोंत. कापूर घालून,” फुमिए अभिमानाने म्हणाली.

“नुसता कापूर?”

कानाएचा आवाज बारीक झाला. “मी पण घातल्या होत्या. डांबरगोळ्या. आईंचे किमोनो खराब होऊ नयेत म्हणून.”

मुकाईंनी सुस्कारा सोडला. “कापूर एकटा असला तर नुसता उडून जातो. डांबरगोळीही तशीच. पण बंद कप्प्यात दोघं एकत्र आले की वितळतात, पाझरतात. तो चिकटा या पट्ट्यांवर बसलाय आणि त्यावर धूळ.”

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

“म्हणजे माझ्या काळ्या किमोनोच्या गळ्यावरचा तो डाग?” फुमिए म्हणाली. “सहा वर्षं मला वाटतंय, तू इस्त्रीने जाळलास.”

“आणि मला वाटत होतं, तुम्ही सूप सांडलंत आणि सांगत नाही आहात.”

“मी? सूप?”

“भांडण बाहेर,” मुकाई म्हणाले. “इथे शस्त्रक्रिया चालू आहे.”

पातळ पुठ्ठ्याला कापड गुंडाळून, ते स्पिरिटमध्ये बुडवून, त्यांनी माझी एकेक पट्टी पुसली. कापड काळं झालं की नवं. यात दोन तास गेले. मला सगळं थंड थंड लागत होतं. मित्रांनो, मनातून मी म्हणत होतो, पुरे, जाऊ दे मला त्या गाडीत.

मग मला सभागृहातल्या टीव्हीला जोडून पहिली कॅसेट घातली. करडा पडदा. दुसरी. तुटकी अक्षरं. फुमिएने काठी घट्ट धरली.

“पट्ट्यांतली लवचीकता गेलीय,” मुकाई म्हणाले. “दर वेळी काढघाल केली की त्या आणखी सैल होणार. असं करू. एकच कॅसेट निवडा. तिचे दात घासून, नीट टेकवून बसवतो. मग ती काढायची नाही. कधीच नाही.”

पिशवीत सात कॅसेटी होत्या. फुमिएचा जीव डोंगर चढण्याच्या खेळात होता. त्याचं शेवटचं शिखर तिला कधी जमलं नव्हतं. ती कॅसेट तिने हातात घेतली, उलटीपालटी केली आणि बाजूला ठेवली. मग टेनिसची उचलली.

“ही?” कानाए म्हणाली. “आई, ही दोघांची आहे. तिकडे तुमच्याशी खेळणार कोण?”

फुमिए तिच्याकडे बघत राहिली.

“मला येत नाही हो,” कानाए हळूच म्हणाली.

“उत्तम. जिंकणाऱ्या माणसाला मी कशाला बोलावू?”

मुकाईंनी कॅसेट किंचित तिरकी बसवली आणि बटण दाबलं. पडदा करडा झाला. मग लुकलुकला. मग हिरवं मैदान आलं, मधोमध जाळी, दोन्ही टोकांना एकेक खेळाडू. माझ्या साठही पट्ट्या टेकल्या होत्या. कागदावर मुकाईंनी लिहिलं: घरी सोडले.

आता मी निवासातल्या खिडकीखाली असतो. दर रविवारी कानाए येते, हरते, ओरडते आणि संत्री सोलून देऊन जाते. पण काही रविवारी तिला जमत नाही. तेव्हाही फुमिए मला सुरू करते. ती चेंडू मारते, पलीकडचा खेळाडू जागचा हलत नाही, चेंडू त्याच्या बाजूने निघून जातो. तिला गुण मिळतो. असे चार-पाच गुण झाले की ती मला बंद करते.

मित्रांनो, मी फार थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कॅसेटवर फुंकर मारू नका. कपाटात कापूर तरी ठेवा नाहीतर डांबरगोळ्या तरी ठेवा, आणि ठेवण्याआधी घरात एकमेकांना विचारा. आणि कोणी तुमच्यापुढे खेळायला दुसरा रिमोट धरला, तर येत नाही म्हणून मागे सरू नका. हरायला काही यावं लागत नाही. तिथे जाऊन बसावं लागतं, इतकंच.