कापलेल्या टोकांचे जंत

"आला! बघा, आणखी एक आला!"

भात वाळवायच्या खळ्यावर अख्खं गाव एका पांढऱ्या परातीभोवती वाकलं होतं. शांग महागुरूंनी म्हाताऱ्या छू मावशींची तांबडी कोंबडी परातीवर धरली, घडी घातलेला पिवळा कागद तिच्या पोटावर घासला, मग तोच कागद पाण्यात बुडवून पिळला. पाण्यात पांढरे, लांब जंत तरंगू लागले.

"औषध नाही, सुई नाही!" महागुरू गरजले. "सात डोंगरांचा श्वास मी एका फुंकरीत आणतो. कोंबडीच्या पोटातलं पाप पाण्यात!"

ते दक्षिणा घेत नसत. फक्त घरातली एक कोंबडी 'डोंगराला' द्यायची. डोंगराला नेमकी सगळ्यांत लठ्ठ कोंबडी कशी लागते, हे लानश्यांगला तीन दिवसांपासून खटकत होतं. महागुरूंच्या गाडीवरची टोपली मात्र फुगतच चालली होती; मावशींची तांबडीही आता तिच्यातच गेली.

लानश्यांगच्या काखेत तिची काळी कोंबडी होती, कापसासारखी हलकी. दाणे भरपूर खायची, पण अंगाला काही लागत नव्हतं. अशा आठ कोंबड्या तिने सुनेसाठी पाळल्या होत्या. सूनबाई सूछिन पुढच्या महिन्याच्या अखेरीला बाळंत होणार होती, आणि बाळंतिणीने महिनाभर घरच्या कोंबडीचं आल्याचं सूप प्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. हाडांचा सांगाडा शिजवून कुणाच्या अंगात ताकद येणार?

तालुक्याच्या पशुवैद्य वेई डॉक्टरबाईंनी औषध सांगितलं होतं. सूछिनने ते ऐकूनच तोंड वाकडं केलं होतं. "आई, औषधाची कोंबडी मला नको. दुधातून बाळाच्या पोटात जाईल." गावातल्या सगळ्या बायका हेच म्हणत. म्हणूनच हा औषधाविना जंत काढणारा माणूस त्यांना देवासारखा वाटत होता.

"लानश्यांग, ये की पुढे!" छू मावशींनी हाक मारली. "नाहीतर नंतर रडत बसशील."

"येते, मावशी. आधी नीट बघू तर द्या."

तिने परातीतला एक जंत बोटावर घेतला. गेल्या आठवड्यात तिची एक कोंबडी मेली होती. ती डॉक्टरबाईंनी तिच्यासमोर चिरली होती, आणि आतले जंत लानश्यांगने भाताच्या दारूत घालून बाटलीत ठेवले होते; ती बाटली आज तिच्या पिशवीत होती. ते दोन्ही टोकांना निमुळते होते. हा मात्र दोन्हीकडे सपाट, जणू कात्रीने कापलेला.

"महागुरू, तुमच्या जंतांची टोकं कोण कापतं हो?"

काहीजण हसले. महागुरूंच्या भुवया चढल्या. "शंकाखोर बाईच्या घरात श्वास उतरत नाही!"

"उतरू दे, नाहीतर अडकू दे. तो कागद जरा उलगडता का?"

"मंत्र उडून जाईल!"

"मग पाण्यातल्या जंतांना तरी हात लावू द्या. ते तर आमचेच, आमच्या कोंबड्यांचे!"

लानश्यांगने कमरेच्या पिशवीतून आयोडीनची तपकिरी बाटली काढली. कोंबड्या एकमेकींच्या तुऱ्याला चोच मारून रक्त काढतात, त्यासाठी ती जवळच असायची. काल अशीच एक जखम पुसताना थेंब तिच्या भातावर पडला होता आणि भात काळानिळा झाला होता. रात्री थोरल्या नातवाच्या शाळेच्या पुस्तकात तिने वाचलं, की आयोडीनने पिठूळ पदार्थ निळा पडतो.

तिने महागुरूंच्या जंतावर थेंब टाकला. तो गडद निळा झाला. मग दारूतला जंत काढून धुतला, त्यावर थेंब टाकला. तो तपकिरीच राहिला.

"हे काय गं?" छू मावशी पुटपुटल्या.

"मावशी, आज सकाळी तुम्ही काय खाल्लंत?"

"तांदळाच्या शेवया. आपण सगळेच खातो की!"

"तेच आहे परातीत."

महागुरू कागद मुठीत चुरगाळून मागे सरले, पण गर्दीतल्या सूछिनच्या बापाने त्यांचं मनगट धरलं. कागद उलगडला. आत ओल्या, कापलेल्या शेवया चिकटल्या होत्या.

"सात डोंगरांचा नाश्ता!" कुणीतरी ओरडलं, आणि हसण्याचा लोट उठला. छू मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या गाडीकडे गेल्या, टोपली उघडली आणि आपली तांबडी लठ्ठ कोंबडी काखेत मारली. "मेल्या, हिचं पोट तर तू रिकामं केलंच नाहीस!"

सूछिन पोटावर हात ठेवून कोपऱ्यात उभी होती. "आई, जंत तर अजून आतच आहेत, नाही का?"

"आतच. त्याने कितीही फुंकलं असतं तरी."

"आणि औषध?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधाच्या डब्यावर जेवढा काळ लिहिलाय, तेवढं थांबायचं. तोवर अंडीही खायची नाहीत, कोंबडीही कापायची नाही. आज दिलं तर तुझे दिवस भरेपर्यंत तो काळ सरतो. रोज एकेका दिवसाने पुढे ढकलत बसलो तर मात्र नाही सरणार."

सूछिनने स्वतःच सासूच्या काखेतली काळी कोंबडी घेतली. "चला."

त्या संध्याकाळी औषध कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं, खुराड्यातला जुना पेंढा खरडून जाळला आणि जमीन कोरडी केली, कारण जंतांची अंडी विष्ठेतूनच परत कोंबडीच्या पोटात जातात. पुढच्या महिन्याच्या अखेरीला आल्याचं सूप उकळलं, आणि काळ्या कोंबडीचं मांस हाडावर भरगच्च होतं.

लबाडाला आपली भीती कळली की तो तिच्यावरच दुकान थाटतो. बाळाच्या काळजीने या बायका औषधाला घाबरल्या, म्हणून त्यांनी शेवयांना जंत मानलं. भीती खोटी नव्हती, पण तिला विचारायचा प्रश्न साधा होता. कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, आणि मी स्वतः तपासून बघू शकते का? एवढं विचारायला शाळेत जावंच लागतं असं नाही. परातीत वाकून नीट बघायला मात्र लागतं.