ताता एर्मिलोच्या मांडीवरची डिस्क

डॉन फिदेन्सियो बेकरीवाला माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भारी भोक्ता. आणि शिस्तीच्या माणसाला अडवणार कोण?

सान इसिद्रो यावेत नावाच्या गावात दरवर्षी सभा भरते आणि कामं वाटली जातात. पाण्याची टाकी एकानं सांभाळायची, चर्चची घंटा दुसऱ्यानं. वर्षभर, बिनपगारी. तुला येतं का, असं कुणी विचारत नाही. सभेनं नाव घेतलं की झालं; वर्ष पुरं केलं तरच गावच्या यादीत नाव राहतं. फिदेन्सियोच्या वाट्याला गावच्या रेडिओची पेटी आली होती. पेटी म्हणजे चार डिस्कांचा काळा डबा. चौघी मिळून एकच व्हॉल्यूम, म्हणजे एकच कोठार म्हणा ना. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी तिचं भरून काढतात. दोन गेल्या की मात्र कारभार आटोपला.

त्या कोठारात एकतीस म्हाताऱ्या माणसांचे आवाज होते. कुठला झरा कुणी शोधला, बाळंतिणीला कुठला पाला द्यावा, सगळं आपल्या झापोतेक बोलीत. एकतिसांतली एकोणीस माणसं आता मातीआड होती, आणि त्यात फिदेन्सियोची आईही होती. बरं, नक्कल दुसरीकडे कुठे? कुठेच नाही. "चार-चार डिस्का आहेत की! नक्कल कशाला आणखी?" असं म्हणत या शहाण्यानंच वर्ष काढलं होतं.

एक जानेवारीला सोपवणी असते. रीत अशी की जुन्या माणसानं ताब्यातली एकूण एक वस्तू पुसून, पंचांसमोर मोठ्यानं मोजून द्यायची. पहिली वस्तू सगळ्यांत वयोवृद्ध माणसाच्या मांडीवर ठेवायची आणि मोजणी संपेपर्यंत तिथून हलवायची नाही. पंच रेडिओच्या खोलीत आले. पेटी चालू होती, दिवे लुकलुकत होते. फिदेन्सियोनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि चालू पेटीतून पहिली डिस्क खस्सकन ओढली.

"एक!"

ती नव्वदीच्या ताता एर्मिलोच्या, म्हणजे एर्मिलो आजोबांच्या, मांडीवर गेली. पेटी किंचाळायला लागली.

"ओरडू दे," फिदेन्सियो म्हणाला. "चार माणसं घरात आली की कुत्रंसुद्धा भुंकतं. दोन! तीन! चार!"

पुसून झाल्यावर चारही डिस्का परत आत गेल्या. ताताच्या मांडीवरची सगळ्यांत शेवटी, उजव्या टोकाला. मग नवा कारभारी रुतिलिओ खाटीक यादी बघायला बसला, तर पडदा कोरा. फक्त एक लाल ओळ : व्हॉल्यूम कोलमडला. आणि खाली प्रश्न : नवा तयार करायचा का?

रुतिलिओनं हात वर केले. "तिओ," वडीलधाऱ्याला काका म्हणावं तसा तो म्हणाला, "मेलेलं जनावर मी ताब्यात घेत नसतो."

आईचा आवाज फिदेन्सियोला कानात आणता येईना. ताता एर्मिलो म्हणाले, "ओतिलियाला विचार."

आता आली का पंचाईत! ही पेटी बसवली होती ओतिलियानंच. फिदेन्सियोच्या आधी काम तिच्याकडे होतं. पण आठव्या महिन्यात तिचा भाऊ लॉस एंजेलिसला शिडीवरून पडला, आणि ती तिकडे गेली ती गेलीच. तेव्हा सभेत उभं राहून कोण कडाडलं होतं? हाच. "अर्धवट वर्ष म्हणजे वर्ष नव्हे! नाव खोडा तिचं!" गावच्या यादीतून नाव गेलं, आणि हजेरीच्या वेळी तिची आई मान खाली घालून बसू लागली.

कोणत्या तोंडानं फोन करायचा? पण ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यानं केला, स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत.

पलीकडे हॉटेलच्या धुलाईखान्यातली यंत्रं घरघरत होती. "बोला तिओ," ओतिलिया म्हणाली. आवाजात ना राग, ना लोभ.

त्यानं सगळं सांगितलं.

"चालू पेटीतून? चारही?"

"पुसायच्या होत्या गं पोरी."

"अरे देवा! तिओ, भट्टी पेटलेली असताना तुम्ही विटा काढून मोजता का? बरं, ते ‘नवा तयार करायचा’ आहे ना, त्याला कुणी हो म्हणालं?"

"नाही."

"म्हणूही नका. हो म्हणाल तर सगळं कायमचं पुसलं जाईल. आता नीट आठवा. सगळ्यांत आधी कुठली काढली? ती निघाल्यावर उरलेल्या तिघींनी काही लिहून ठेवलं असणार. म्हणजे पहिली मागे राहिली, तिला आता धरायचं नाही. चुकीची बाहेर ठेवली तर खिचडी होईल."

फिदेन्सियो पेटीवर वाकला. सगळ्या सारख्याच काळ्या! तेवढ्यात ताता एर्मिलोंनी काठी आपटली.

"पहिली माझ्या मांडीवर होती. रीतच आहे. आणि गेली ती शेवटी, त्या उजव्या टोकाला. मी काय झोपलो होतो?"

"ताता, तुमच्या मांडीचे उपकार!" ओतिलिया पहिल्यांदा हसली. "ती काढून बाजूला ठेवा."

मग जेवणाची सुट्टी घेऊन तिनं तिथूनच रेडिओच्या संगणकातून पेटीत शिरकाव केला आणि तीन डिस्का एकत्र उभ्या केल्या. फिदेन्सियो हात जोडून बसला होता. यादी आली. त्यानं एक नाव दाबलं आणि त्याची आई खोकली. मग म्हणाली, "सुरू झालं का हे? मी मोठ्यानं बोलू?"

फिदेन्सियो टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. रुतिलिओसुद्धा नाक ओढत भिंतीकडे बघत राहिला.

"रडणं नंतर, तिओ," ओतिलिया म्हणाली. "आधी दुसरीकडे नक्कल. ती झाल्याशिवाय बाजूला काढलेली डिस्क आत घालायची नाही."

नक्कल झाली. मग बाजूची डिस्क आत गेली आणि उरलेल्या तिघींनी ती पुन्हा भरली. दोन दिवस फिदेन्सियो पेटीसमोरून उठला नाही; बेकरी बायकोनं चालवली आणि त्याला यथेच्छ शिव्याही घातल्या.

रविवारी सभा भरली. फिदेन्सियो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"गरज सरो नि वैद्य मरो, असं म्हणणारा माणूस मी नाही. या सभेत मी एका पोरीला नको ते बोललो. तिनं आपले सगळे म्हातारे परत दिले, माझी आई परत दिली. आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. वर्ष आहे. माझं हे वर्ष तिच्या नावावर लिहा."

"मग तुझं काय?" सरपंचांनी विचारलं. "तुझं वर्ष कोरं राहील."

"मी पुन्हा करतो. तीच पेटी."

यावर सगळ्यांत आधी टाळी कुणी वाजवली असेल? रुतिलिओनं! सुटलो म्हणत त्यानं शेजाऱ्याच्या पाठीत धपाटाही घातला. हसण्या-ओरडण्यात ठराव झाला, आणि कारकुनानं वही काढून नाव लिहिलं.

"लिहून भागत नाही," फिदेन्सियो म्हणाला. "हजेरी घ्या. पहिल्यापासून."

कारकून कुरकुरला, पण नावं वाचू लागला. बऱ्याच नावांनंतर तो थबकला आणि मग मोठ्यानं म्हणाला, "ओतिलिया मार्तिनेस लूइस."

मागच्या बाकावरून तिची आई उठली. गुडघे दुखत होते तरी ताठ उभी राहिली.

"लॉस एंजेलिसला असते," ती म्हणाली. "पण हजर."