सावळीरामांची रोपं

सावळीराम गेले तेव्हा अंगणात स्ट्रॉबेरीची रोपं लावून जेमतेम महिना झाला होता. निळं पिंप उभं चिरून त्यांनी त्याचे दोन भाग केले होते आणि त्यांत माती, शेणखत, भाताचं तूस घालून चोवीस रोपं बसवली होती. हा त्यांचा तिसरा हिवाळा. आधीच्या दोन वर्षी फळं आली की ते वाटीत धुऊन टीव्हीसमोर ठेवायचे, आणि सुलाबाई मालिका बघता बघता ती संपवायच्या. पण रोपांजवळ त्या कधी गेल्या नव्हत्या. अंगण त्यांचं, घर आपलं, अशी वाटणी न बोलताच झाली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला. मुलगा, रवी, हैदराबादला परत गेला. नाशिकच्या सातपूरमधल्या त्या कॉलनीत लोक आणखी चार दिवस येत-जात राहिले, मग तेही थांबले. एका सकाळी दूध आत घेताना सुलाबाईंना दिसलं, की पिंपातली पानं कडेनं करपली आहेत. त्यांना एकदम अपराध्यासारखं वाटलं. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. चौथ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. एक उचलून पाहिलं तर मुळापासून कुजलेलं हातात आलं.

सावळीरामांचा फोन बँकेच्या कामांसाठी चालू ठेवला होता. त्यात 'रावजी रोपं' असं नाव सापडलं. पुढची यादी बघून त्या चक्रावल्या. दिवसाआड फोन. अडतीस मिनिटं, एक्केचाळीस, बावन्न.

घरात नवऱ्याशी दिवसाकाठी दहा वाक्यं होत नसत. कंपनीत प्रेस मशीनच्या धडधडाटात एकतीस वर्षं काढून सावळीरामांचे कान गेले होते. एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायची. दिवसभर शाळेत घसा फोडून आलेल्या सुलाबाईंना ते नको व्हायचं. कानाचं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारायचं, म्हणून कपाटात गेलं. हळूहळू खुणांवर भागू लागलं. ताट वाढलं की टेबलावर थाप मारायची. पुढे सुलाबाई निवृत्त झाल्या, तरी थापच राहिली.

त्यांनी रावजीला फोन लावला.

"काका, व्हते कुठं इतके दिवस?" पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला. "मला वाटलं रोपं मेली, म्हणून रागावले माझ्यावर."

"मी त्यांची मिसेस बोलतेय. ते गेले. सव्वीस दिवस झाले."

पलीकडे पाण्याची मोटर चालू होती, ती बंद झाली. "लय वाईट झालं, काकू," रावजी म्हणाला.

सुलाबाईंनी रोपांचं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मातीत बोट घालून बघायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. रोपाचा मधला गाभा मातीखाली दबता कामा नये. पहिली फुलं खुडून टाकायची, म्हणजे रोप जोर धरतं.

"काकांच्या जिवावर यायचं फुलं खुडणं," तो म्हणाला.

"तुमच्याशी एवढा वेळ काय बोलायचे ते?"

"काय नाय, सगळंच. कंपनीचं, रवीदादाचं. तुमचंपण. तुम्ही पोरांना पाढे गाण्यात शिकवायच्या, ते म्हणून दाखवायचे." रावजी सांगत होता. "ते म्हणायचे, समोरचं माणूस बोललेलं कळत नाय, पण आवाज वाढवून फोन कानाला लावला की शब्द न् शब्द कळतो."

सुलाबाईंनी फोन ठेवला आणि पायरीवर बसल्या. सावळीराम फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत, तेव्हा त्यांना वाटायचं, गाणी ऐकत असतील. स्वयंपाकघरातून अंगणात एक फोन लावायचा, एवढंच होतं. इतक्या वर्षांत ते सुचलं नाही.

चोविसांतली अकरा रोपं वाचली. सुलाबाईंनी त्यांची फुलं खुडली, खाली पेंढा पसरला, बुलबुल चोची मारू लागल्यावर जुनी मच्छरदाणी टाकली. अडलं की रावजीला फोन करायच्या. पण कामाचं बोलून झालं की दोन मिनिटांत फोन संपायचा. रवीचा रविवारी फोन यायचा. "बरं चाललंय," एवढंच त्या सांगायच्या.

फेब्रुवारीत रावजी माल घेऊन नाशिकला आला आणि परत जाताना घरी डोकावला. चाळिशीचा, सुरगाण्याकडचा सडसडीत माणूस. चहा घेऊन त्यानं वाकून एकेक रोप पाहिलं. "चांगली राखली," म्हणाला.

"बसा थोडं," सुलाबाई म्हणाल्या. "ते काय काय सांगायचे, ते मला सांगा."

रावजी अवघडला. मग आठवत आठवत सांगू लागला. "रिटायर झाले ना, त्या दिवसाचं एकदा म्हणाले. कंपनीतला कार्यक्रम दुपारीच आटपला. हार घालून घेतला अन् चालत सुटले, थेट द्वारका चौकापर्यंत. तिथं पुलाखाली बसून राहिले सातपर्यंत. म्हणाले, उद्यापासून घरीच बसायचंय, आज लवकर जाऊन काय करू."

सुलाबाईंना तो दिवस आठवत होता. "मी पुरणपोळ्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "गार झाल्या म्हणून मीच चिडले. कुठे होता, असं विचारलंसुद्धा नाही. ताट ठेवलं आणि आत गेले."

रस्त्यावर थांबलेल्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. जाताना रावजीनं दाखवलं, रोपांना लांब तंतू फुटले होते, त्यांच्या टोकाला बारकी रोपं धरली होती. ती मातीत टेकवून पावसाळा काढला, तर पुढच्या वर्षी विकत घ्यावी लागणार नाहीत.

तो गेल्यावर सुलाबाईंनी पिकलेली सात फळं तोडली. वाटी आणायला आत गेल्या नाहीत. तिथंच उभ्यानं एकेक खाल्लं. दोन आंबट निघाली. मग मातीच्या पिशव्या भरून त्या एकेक तंतू टेकवत बसल्या, आणि मधेच, कुणी ऐकायला नसताना, स्वतःशीच पुटपुटल्या, "कुठे होता एवढा वेळ?"